पडद्यावरील खुणांचे संभाषण

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने इ. स. १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट मिळविले. त्याच्या आईला ऐकू फार कमी येत असे. पुढल्याच वर्षी ज्या मेबल हबर्डशी त्याने विवाह केला, तिची श्रवणशक्ती बालपणीच्या आजारात गेली होती. ज्या यंत्राने जगाला दूरच्या माणसाशी बोलते केले, ते बेलच्या घरातील या दोघींनाच निरुपयोगी ठरावे, हा केवढा दैवदुर्विलास! हलती चित्रे तत्काळ पाठविणारी साधने घरोघरी आली, तेव्हा कुठे कर्णबधिरांना दूरस्थ आप्तांशी आपल्या भाषेत बोलता येऊ लागले.

खुणांची भाषा म्हणजे मुखाने बोललेल्या शब्दांचे हातांनी केलेले भाषांतर, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. अमेरिकन खुणांच्या भाषेतील प्रत्येक खूण हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल यांनी घडते, हे वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. या भाषेत नुसत्या भुवया उंचावल्या, तरी विधानाचा प्रश्न होतो. शिवाय ऐकणाऱ्याची दृष्टी आपल्याकडे नसेल, तर बोलण्यास आरंभच करता येत नाही.

अशी भाषा पडद्याच्या चौकटीत शिरली म्हणजे तिचे काय होते? एलिझाबेथ कीटिंग व जीन मायरस या अमेरिकन अभ्यासकांनी अशा संभाषणांचे निरीक्षण करून २००३ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. लोक खुणा सावकाश करीत, त्यांची पुनरुक्ती करीत, हात चौकटीत राहावेत म्हणून ते जवळ घेत आणि कॅमेऱ्याला नीट दिसावेत असे वळवीत. समोरासमोर असताना खांद्याला स्पर्श करून लक्ष वेधता येते. येथे हात हलविण्यावाचून गत्यंतर नाही. मात्र एक लाभ होतो. स्वतःच्या खुणा स्वतःच्याच पडद्यावर पाहून त्या तेथल्या तेथे सुधारता येतात. मुखाने बोलणाऱ्यास ही सोय क्वचितच लाभते!

या संभाषणाचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही टोकांचे चित्रण करावयास हवे. चित्र पोहोचण्यास क्षणभर विलंब लागतो. एकाच टोकाकडे पाहिले, तर तो विलंब उत्तर देणाऱ्याचा संकोच वाटावयाचा! अनेकजण एकत्र जमले म्हणजे निराळीच अडचण उपस्थित होते. प्रत्येकाच्या पडद्यावर माणसांची जागा वेगळी असू शकते. त्यामुळे 'तो' म्हणून उजवीकडे दाखविलेले बोट दुसऱ्याच्या पडद्यावर भलत्याकडेच रोखलेले दिसते.

हातात मोबाइल धरून बोलणाऱ्याचा तर एक हात अडकलेलाच असतो. अमेरिकन पद्धतीत अक्षरे एका हाताने दाखवितात, म्हणून तेथे कसेबसे निभावते. भारतात रोमन अक्षरांसाठी प्रचलित असलेल्या पद्धतीस दोन्ही हात लागतात. तेथे बोलण्यापूर्वी मोबाइल कशाला तरी टेकवून उभा करावा लागतो.