टाका, टीप आणि ठिगळ

दसरा सरला की पुण्याच्या रविवार पेठेतली बोहरी आळी गजबजते. लेस, टिकल्या, गोंडे, आरसे, मोत्यांचे सर, घोटीव कागदाचे रंगीत ताव यांची मापं काढता काढता दुकानदारांचे हात थकतात. मुंबईत हीच गर्दी भुलेश्वरला दिसते. बाहेर फूटपाथवर तयार कंदील आणि तयार तोरणं टांगलेली असतात आणि बहुतेक वेळा ती स्वस्तही असतात. तरी आत कुणी बाप बांबूच्या कामट्या मागत असतो आणि कुणी आजी लोकरीचा गुंडा उजेडात धरून छटा पारखत असते. घरी केलं की पैसे वाचतात, हे गणित केव्हाच मोडलं. मग ही हौस टिकली कशावर? आणि तिच्यातलं काय खरोखर नांदतं आहे, काय नुसतंच काचेच्या कपाटात जाऊन बसलं आहे?

पहिला मान गोधडीचा. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. विरलेली लुगडी, धोतरं, परकर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर रंगीत तुकडे जुळवायचे आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे यायचं, एवढीच तिची कृती. पण या साधेपणात बराच विचार आहे. शेकडो वेळा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे आतलं जीर्ण कापड सरकत नाही आणि त्याचा गोळाही होत नाही. उन्हाळ्यात शेतीची कामं थंडावली की दुपारी अंगणात किंवा सोप्यात गोधडी पसरायची, चौघीजणींनी चार कडांना बसायचं आणि पावसाळ्याच्या आत ती पुरी करायची, असा गावोगावचा शिरस्ता होता. मध्यावर भेट होईपर्यंत गावातल्या साऱ्या बातम्याही सांगून झालेल्या असत.

गोधडीची भावंडं देशभर आहेत. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी ही त्यांतली प्रसिद्ध नावं. आपल्या शेजारचं भावंड मात्र कमी ठाऊक आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो आणि त्याच्या बोलीत कोकणी-मराठीचे धागे आहेत. तिथल्या बायका कवदी शिवतात. त्याही कडेपासून सुरुवात करून आत आत जातात. रंगांची जुळणी मात्र त्यांची स्वतःची. आणि चारही कोपऱ्यांना घडी घालून केलेल्या त्रिकोणी ‘फुला’ लागल्याशिवाय कवदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. महाराष्ट्रातल्या गोधड्यांचा शोध घेत गीता खंडेलवाल गावोगाव फिरल्या आणि त्यांवर त्यांनी इंग्रजीत सचित्र पुस्तक केलं. ज्या वस्तूला घरात कुणी कला म्हटलं नव्हतं, तिची अशी नोंद झाली.

हातकाम म्हणजे बायकांचं काम, हा समजही तपासून घ्यायला हवा. मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातणारा धनगर पुरुष दख्खनच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. त्या सुताची घोंगडी हातमागावर होते आणि तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती ताठ राहते. सुंभ वळणं, चऱ्हाट करणं, बाज विणणं ही कामं घरच्या पुरुषांचीच होती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातलं एक सबंध प्रकरण पत्रावळीवर आहे. पानं जुळवून चोयीने टोचायचं कसब मुलग्यालाही यायलाच हवं, असं त्या कोकणी घरात गृहीत होतं. पुढे १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, बुनियादी शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि टकळी शाळेत आली. सूतकताईच्या तासाला मुलगे आणि मुली एकाच रांगेत बसून सूत काढू लागले.

घरात नवं माणूस यायचं असलं की सुईला सगळ्यात जास्त काम पडे. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, लाळेरी आणि कुंची असायलाच हवी. यातलं बरंचसं आजीच्या जुन्या साडीतून निघे आणि त्यामागे काटकसरीइतकीच समजही होती. नव्या कापडाची कांजी तान्ह्या कातडीला बोचते, जुन्या सुती कापडाची बोचत नाही. झबल्याला गुंड्यांऐवजी बंद लावायचे, शिवण बाळाच्या अंगाला लागू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला घ्यायची, या बारीकसारीक गोष्टी कुठल्या पुस्तकात शोधाव्या लागत नव्हत्या. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. हलवा करणं हे स्वतंत्रच तप आहे. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, त्यावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. थंडी चांगली असली तर काटा फुलतो, हवा दमट असली तर तासन्‌तास बसूनही दाणे गुळगुळीतच राहतात. असे काटेरी दाणे दोऱ्यात गुंफून त्यांचे हार, बाजूबंद, मुकुट करायचे. बाळ ते घालून जेमतेम अर्धा तास बसतं, आणि त्यानंतर दागिने खाऊन टाकायचे असतात!

शिवणयंत्र आल्यावर या जगाची लय बदलली. आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि एकोणिसाव्या शतकातच ते यंत्र हिंदुस्थानात पोचलं. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ तयार होऊ लागलं आणि मध्यमवर्गीय घरात हातमशीन किंवा पायमशीन येणं आवाक्यात आलं. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. सुईदोऱ्याने शिणणाऱ्या बायकोचा त्रास वाचवण्यासाठी सिंगर यांनी ते केलं, म्हणजे त्यामागे माया होती, असं त्यांचं म्हणणं. मायेची गोष्ट खरी असो वा नसो, मशिनीने श्रम वाचवले हे खरंच. पुष्कळ बायकांना तिने स्वतःचे चार पैसेही दिले.

त्या पैशाची वाट संस्थांनी आधीच मोकळी केली होती. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात शिवण आणि विणकाम शिकवलं जाई. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे साक्षरतेच्या आणि शुश्रूषेच्या शिक्षणाबरोबर शिवणाचे वर्गही चालत. विधवा किंवा परित्यक्ता बाईसाठी कापड बेतता येणं हा विरंगुळा नव्हता, ती तिच्या पोटाची सोय होती. आजही आळीआळीत ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पाटी दिसते. दारामागे एक मशीन असतं आणि त्या मशिनीवर मुलांची शिक्षणं झालेली असतात.

सुया आणि नमुने घरोघर नेले ते मासिकांनी. १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू झालं आणि त्यानंतर बायकांच्या मासिकांची मोठी परंपरा उभी राहिली. लोकरीच्या स्वेटरचे टाके किती घालायचे, सुलट कुठे आणि उलट कुठे, क्रोशाच्या रुमालाला साखळी किती, खांब किती, मुका खांब कुठे, असे नमुने कात्रणांच्या वहीत चिकटवून ठेवले जात आणि शेजारणींमध्ये उसने फिरत. गोव्यात क्रोशाच्या लेसचं काम ख्रिस्ती घरांत विशेष रुळलं.

भरतकामात मराठी घरांनी शेजाऱ्यांकडून मोकळ्या मनाने घेतलं. धारवाड-हुबळीकडची कसुती आपल्याकडे कर्नाटकी कशिदा म्हणून नांदली. तिची मातब्बरी अशी की कापडावर आधी नक्षी उमटवायचीच नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत टाका घालायचा आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी या टाक्यांत कापड उलटं केलं तरी तेच चित्र दिसतं. इरकलीच्या पदरावर गोपुरं, तुळशीवृंदावनं, रथ, हत्ती असे धागे मोजून उभे राहतात. लमाण तांड्यांवरचं काम याच्या अगदी उलट, बेधडक. फेट्या-कांचळीवर आरसे, कवड्या, शिक्के आणि गडद दोरे. कसुतीत हिशेब आहे, लमाणी भरतकामात उधळण आहे, आणि दोन्ही बायकांनी आधी स्वतःला नेसायला, घालायला केलं आहे.

इथे रुखवताचा विषय काढायलाच हवा. मण्यांचे मोर, लोकरीची तोरणं, सुपारीचे भटजी-भटणी, मोत्यांच्या महिरपी असं बरंच काही मांडवात टेबलावर हारीने मांडलेलं असायचं. मुलीच्या हातात कला आहे याचा तो पुरावा मानला जाई. त्यात सुंदर कामही झालं, पण लग्नानंतर बहुतेक वस्तू शोकेसमध्ये गेल्या आणि धूळ खात राहिल्या. आता तर रुखवत भाड्यानेही मिळतं. म्हणजे हात वजा झाला आणि मांडणी तेवढी उरली. याच्याशेजारी देवघरातल्या वाती ठेवून पाहा. सरकी काढून, कापूस पिंजून फुलवाती आणि वस्त्रमाळा करणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत आणि चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरणाऱ्याही आहेत. ती वात रोज जळून जाते, म्हणून रोज नवी वळावी लागते आणि म्हणूनच ते कसब मेलेलं नाही. दिवाळीच्या किल्ल्याचंही तेच. मातीचा बुरूज, त्यावर हळीव पेरून उगवलेली झाडी, आणि चार दिवसांनी सगळं मोडून टाकायचं. पुढच्या वर्षीच्या पोरांना नवा करायचा असतो.

गेल्या काही वर्षांत या कामाला नवे हात लागले आहेत. मोबाइलवरचे व्हिडिओ थांबवून थांबवून क्रोशा शिकणारी मुलं-मुली आहेत. शिवलेल्या नऊवारीने शिंप्यांना नवा धंदा दिला आहे. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी असे तिचे प्रकार पाट्यांवर लिहिलेले असतात. हातशिवणीच्या गोधड्या शहरातल्या प्रदर्शनांत चांगल्या किमतीला विकल्या जातात आणि त्यांतली काही कमाई खेड्यातल्या शिवणाऱ्या बायकांपर्यंत जाते. पण विकत घेतलेली गोधडी सोफ्यावर शोभेसाठी टाकली, तर तिचंही रुखवतच होतं. ती पांघरली, मळली, धुतली, विरली, तिला ठिगळ लागलं, तरच शिवणारीच्या पुढच्या गोधडीला कारण मिळतं.

तेव्हा या दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या साड्यांचं गाठोडं बोहारणीपुढे ठेवण्याआधी एकदा उलगडून पाहा. रेशमी आणि नायलॉनच्या खुशाल द्या, पण सुती बाजूला काढा. एका माणसाच्या गोधडीला तीन-चार सुती साड्या पुरतात. घरात किंवा ओळखीत शिवणारी कुणी असेल तर तिला गाठा, तिच्या कामाचे योग्य पैसे विचारून द्या आणि जमलं तर एका कडेला तिच्यासोबत स्वतः बसा. येत्या थंडीत ती पांघरायला काढा.