चाळीस मीटरवरची हजेरी

रविवारी सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, हजेरी सुरू होते; तिलाच नेट म्हणतात. नेट कंट्रोल आपला कॉलसाइन सांगतो, आज बँड कसा आहे ते सांगतो आणि विचारतो, कोण कोण आहे? मग एकेक आवाज वर येऊ लागतो. जयपूर, लखनौ, इंदूर, आणि नीट कान दिला तर त्यांच्या मागून पुणे. प्रत्येक जण कॉलसाइनचं एकेक अक्षर सुटं करून सांगतो, व्हिक्टर, युनिफॉर्म, टू. समोरचा किती स्पष्ट येतोय याचा रिपोर्ट देतो, स्वतःचा घेतो आणि ‘सेव्हन्टी-थ्री’, म्हणजे शुभेच्छा, म्हणून बाजूला होतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, इथे काहीच घडत नाहीये. आर. के. पुरममधल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये बसून मी ही हजेरी ऐकत आलो आहे. हॅम रेडिओचा खरा जीव या संथ अर्ध्या तासातच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

क्वार्टर काकांच्या मुलीचं, रेडिओ काकांचा. काका मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांचं आयुष्य दिल्लीत गेलं. त्यांच्याभोवती जमणाऱ्या चार-पाच जणांच्या गटाला नाव नाही की पदाधिकारी नाहीत. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक नागपूरच्या ताई आहेत, एक मल्याळी कारकून आहे, आणि काकांचा अकरा वर्षांचा नातू.

गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये एक उंच बांबू बांधलेला आहे. त्याच्या टोकावरून तांब्याच्या तारेचे दोन हात दोन बाजूंना उतरतात, उलट्या व्ही अक्षरासारखे. चाळीस मीटरच्या, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या, बँडसाठी प्रत्येक हात साधारण दहा मीटरचा. हिशेब वहीत बरोबर येतो, पण गच्ची वहीप्रमाणे वागत नाही; टाक्या, लोखंडी जिने, शेजारच्या केबल, या सगळ्यांचा तारेवर परिणाम होतो. म्हणून तार मुद्दाम लांब ठेवायची, किती शक्ती तारेकडून परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर लावायचा आणि दोन्ही टोकांकडून दोन-दोन सेंटीमीटर कमी करत जायचं. मीटरचा काटा जिथे सर्वांत खाली येतो, तिथे थांबायचं. काका तार कापत नाहीत, टोक मागे दुमडून पिळतात. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावं लागतं, तेव्हा ती दुमडलेली तार कामाला येते.

दिल्लीतला खरा शत्रू अंतर नव्हे, गोंगाट. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, राउटर, लिफ्टच्या मोटारी या सगळ्यांची घरघर रिसीव्हरमध्ये येते आणि पुण्याचा आवाज तिच्याखाली बुडतो. त्यामुळे वीज गेली की या घरात सगळे आधी रेडिओकडे धावतात. रिग, म्हणजे रेडिओचा सेट, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालूच असते आणि बँड एकदम स्वच्छ होतो. मघापर्यंत नसलेली स्टेशनं ऐकू येतात. हे सुख थोडा वेळच टिकतं.

आकाशाचाही हिशेब असतो. ऊन चढलं की आयनोस्फिअरचा खालचा थर या लहरी शोषू लागतो आणि पुणे मावळतं. उरतात जवळची शहरं. रात्री तो थर विरतो, मग हजारो किलोमीटरवरची स्टेशनं येतात, पण जयपूर गायब होतं. नेटची वेळ सकाळची का, याचं उत्तर इथे आहे.

कधी कधी हजेरीनंतर फॉक्स हंट असतो. बिस्किटांच्या डब्यात ठेवलेला छोटा ट्रान्समीटर कुणीतरी सेक्टरमधल्या एखाद्या कडुलिंबावर लपवतो. दर काही सेकंदांनी तो टोन आणि कॉलसाइन पाठवतो, आणि बाकीच्यांनी त्याला शोधायचं. हातातला अँटेना ताईंनी शिकवून करून घेतलेला: पीव्हीसी पाइपवर बसवलेल्या, सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीच्या तीन पट्ट्या. मागची सुमारे 105 सेंटीमीटर, पुढची 89, आणि मधली दोन तुकड्यांत, तिथेच केबल जोडायची. डाग देण्याआधी पट्टीवरचा पिवळा रंग घासून काढावा लागतो, नाहीतर कथील चिकटतच नाही. दारातून जाताना पट्ट्या वाकतात आणि पुन्हा ताठ होतात. यासाठी मोजपट्टीइतकं चांगलं काही नाही.

शोध सोपा नसतो. क्वार्टरच्या भिंतींवरून सिग्नल परावर्तित होतो आणि कोल्हा, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर, नसलेल्या दिशेने जोरात येतो. मी ताईंच्या मागे चालत होतो तेव्हा सगळा जोर मलाई मंदिराच्या टेकडीकडून येत होता. त्या तिकडे गेल्याच नाहीत. अँटेना उलटा धरून त्यांनी आवाज सगळ्यात क्षीण कुठे होतो ते पाहिलं. “जोर फसवतो,” त्या म्हणाल्या, “शांत जागा नेमकी असते.” कोल्ह्याजवळ पोचल्यावर तर रिसीव्हर सगळीकडेच ओरडतो. मग अँटेना काढून टाकायचा, सेट छातीशी धरायचा आणि गोल फिरायचं. अंगाच्या आडोशाने आवाज सगळ्यात कमी होतो तिथे थांबायचं; कोल्हा तेव्हा आपल्या पाठीमागे असतो. परवान्याची प्रत प्रत्येकाच्या खिशात असते. सरकारी वसाहतीत अँटेना घेऊन झुडपात फिरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले जाणारच, आणि विचारलेच पाहिजेत.

हा खेळ झाला. हजेरीचं काम वेगळं आहे; ते कशासाठी, हे अंदमानात दिसलं.

डिसेंबर 2004 मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू टू आरबीआय, सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हॅम स्टेशन चालवायला परवानगी मिळणं तेव्हा फार दुर्मीळ होतं. त्याआधी 1987 मध्ये त्यांनीच तिथून काम केलं होतं. त्यामुळे एका हॉटेलातल्या त्यांच्या स्टेशनला जगभरातून हाका येत होत्या. 26 तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलली, मग समुद्र आला. दूरध्वनी बंद पडले. त्याच सेटवरून, त्याच माणसांनी, निरोप पाठवायला सुरुवात केली: कोण सुखरूप आहे, कोणाच्या घरी कळवायचं आहे. मुख्य भूमीवरचे हॅम ते लिहून घेत होते आणि कुटुंबांना फोन करत होते.

एरवी हॅमला तिसऱ्याचा निरोप पोचवता येत नाही, धंद्याचं बोलता येत नाही, पैसा तर नाहीच नाही. संकटात मात्र निरोपांचा मार्ग मोकळा होतो. पण संकटाच्या दिवशी कुणी नव्याने शिकत बसत नाही. म्हणूनच काका दर रविवारी एकाला खोटा निरोप देतात: पंधरा शब्द, त्यात एक अवघड आडनाव आणि एक आकडा. निरोपाआधी शब्दांची संख्या सांगायची, घेणाऱ्याने लिहून झाल्यावर मोजायची, आणि संपूर्ण वाचून दाखवायचा. चौदा भरले तर पुन्हा. “बरोबरच असणार” हे वाक्य काकांना चालत नाही. कंटाळून एक-दोघे नेटवर यायचे थांबले आहेत. काकांनी पद्धत बदललेली नाही, आणि त्यांनी ती बदलू नये.

नातवाला बोलायची घाई झाली आहे. दूरसंचार विभागाच्या परीक्षेसाठी वयाची बारा वर्षं पूर्ण लागतात. प्राथमिक श्रेणीत व्हीयू थ्रीचा कॉलसाइन मिळतो. व्हीयू टू वरच्या श्रेणीचा. तोवर त्याच्याकडे लॉग आहे. टेबलावरच्या घड्याळात जागतिक वेळ लावलेली असते, आपल्या साडेपाच तास मागे, आणि नोंद त्याच वेळेने होते: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन, दिलेला रिपोर्ट, मिळालेला रिपोर्ट.

“आजोबा, इंदूरवाल्यांचं शेवटचं अक्षर ऐकू आलं नाही. एन की एम?”

“मग काय लिहिलंस?”

“काहीच नाही. जागा सोडली.”

काकांनी माइक उचलला आणि इंदूरला पुन्हा हाक दिली.