बिनतारी गॅस मीटर : काय सांगतो, काय सांगत नाही



डिस्टिलरीच्या मागे बायोगॅसच्या डायजेस्टरभोवती खांबांवर जे छोटे डबे बसविले आहेत, त्यांची चौकशी बरेच सभासद शेती ऑफिसात येऊन करतात. कुणाला ते कॅमेरे वाटतात, कुणाला इंटरनेटचे यंत्र. एका बुजुर्ग सभासदांनी तर "काट्यावर नजर ठेवायला लावलेत काय?" असेही विचारले. तसे काही नाही. ते वायू ओळखणारे मीटर आहेत. ते बॅटरीवर चालतात आणि तार न ओढता, बिनतारी संदेशाने, आपले आकडे कंट्रोल रूमला कळवितात.

ऊस विकास अधिकाऱ्याने वायूवर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ऑफ सिझनला टाक्या साफ करायला जी मुले ठेकेदाराकडे लागतात ती आपल्याच गावची असतात. आणि हा वायू काही कारखान्याच्या कुंपणाच्या आतच राहतो असे नाही. आपल्या जुन्या विहिरीत तो आहे, गोबर गॅसच्या खड्ड्यात तो आहे. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला एकजण उतरतो, वर येत नाही म्हणून भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी. अशा बातम्या दरवर्षी आपण वाचतो. अमेरिकेतील निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतील मृत्यूंविषयी इशारा काढला, त्यात मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते असे नमूद आहे. म्हणून मीटर कारखान्याचा असला तरी विषय आपल्या सर्वांचा आहे.

प्रथम वायूंची ओळख करून घेऊ. चांगल्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की मीटर ओरडतो. १६ टक्क्यांच्या आसपास माणसाचा श्वास वाढतो, हातपाय जड होतात आणि मुख्य म्हणजे बुद्धी चालत नाही. आपण अडचणीत आहोत हेच त्याला उमगत नाही. १० टक्क्यांच्या खाली बेशुद्धी, आणि ६ टक्क्यांच्या खाली काही मिनिटांत खेळ संपतो.

दुसरा कार्बन डायऑक्साइड. हा हवेच्या दीडपट जड, म्हणून विहिरीच्या तळाशी आणि टाकीच्या बुडाशी पाण्यासारखा साचून राहतो. डिस्टिलरीत तर हा ढिगाने तयार होतो. हिशेबाने १८० किलो ग्लुकोज आंबले की ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जवळपास बरोबरीने.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. हा सगळ्यांत दगाबाज. याचे माप पीपीएममध्ये करतात, म्हणजे दहा लाख भाग हवेत किती भाग वायू. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. हायड्रोजन सल्फाइडचा वास १ पीपीएमच्याही आत येतो. पण १०० पीपीएमच्या सुमारास काही मिनिटांत नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वायू गेला. खरे तर तो वाढलेला असतो. ७०० ते १,००० पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस जागच्या जागी कोसळतो. स्पेंटवॉशमध्ये गंधकाचे क्षार भरपूर असल्यामुळे त्याच्या कच्च्या बायोगॅसमध्ये हा वायू हजारो पीपीएम असू शकतो.

चौथा मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा भाग. हवेत तो ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीची वाट पाहत बसतो. आणि पाचवा कार्बन मोनॉक्साइड. पाणी खाली गेले की काहीजण डिझेल इंजिनच विहिरीत उतरवून चालवितात, त्या धुरातला हा. याला रंग नाही, वास नाही आणि वजन जवळजवळ हवेएवढेच.

आता आपल्या वाडवडिलांची कंदिलाची पद्धत घेऊ. दोरीला कंदील बांधून विहिरीत सोडायचा, विझला तर उतरायचे नाही. ही पद्धत वेडगळ नव्हती. प्राणवायू १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, म्हणून कंदील विझला तर खाली धोका आहे हे नक्की. पण कंदील जळत राहिला तर धोका नाही, हा अर्थ त्यातून निघत नाही. माणूस मारायला पुरेसा हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड हवेत असला तरी कंदील आनंदाने जळत राहतो. आणि गोबर गॅसच्या खड्ड्यात कंदील सोडणे म्हणजे काडी लावणेच होय. तेव्हा तिथे कंदील, काडी, बिडी काही नको.

मीटरचे काम इथे सुरू होते. आत प्रत्येक वायूसाठी वेगळा सेन्सर असतो. हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर म्हणजे एक लहानसा रासायनिक सेल. त्यात वायू शिरला की किंचित वीज निर्माण होते आणि त्यावरून आकडा दिसतो. याला बॅटरी फार कमी लागते, म्हणून बिनतारी मीटरला हा सोयीचा. जळणाऱ्या वायूसाठी जुन्या पद्धतीत तापलेल्या तारेचा मणी असतो, तो सतत गरम ठेवावा लागत असल्यामुळे बॅटरी खातो. त्याऐवजी इन्फ्रारेड किरणांचा सेन्सर मिळतो. मण्याच्या सेन्सरला दुसरीही खोड आहे : त्याला जळायला प्राणवायू लागतो. प्राणवायू फार कमी असेल तर भरपूर मिथेन असूनही तो कमी आकडा दाखवितो. म्हणून मीटर हाती घेतला की आधी प्राणवायूचा आकडा वाचावा, मग बाकीचे.

बाजारात चार वायूंचा जो खिशातला मीटर मिळतो त्यात बहुधा प्राणवायू, जळणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एवढेच असतात. कार्बन डायऑक्साइड नसतो! पुष्कळजण म्हणतात, तो वाढला की प्राणवायू कमी होईलच, मीटर ओरडेल. जरा हिशेब करून बघा. चांगल्या हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड शिरला, म्हणजे ४०,००० पीपीएम झाला, तर ही पातळी जिवाला तात्काळ धोक्याची मानतात. पण उरलेल्या ९६ भागांत प्राणवायू २०.९ टक्क्यांच्या दराने धरला तरी तो २० टक्क्यांवरच राहतो. मीटर गप्प. म्हणून फर्मेंटेशन हाऊस, मोलॅसिसच्या टाक्या आणि विहिरी यांसाठी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर पाहिजेच, आणि मीटर विकत घेताना हे विचारून घ्यावे.

मीटर बसवायचा कुठे, यावर पुस्तकात सोपे उत्तर असते. हलका वायू वर, जड वायू खाली. मिथेनसाठी छताखाली, हायड्रोजन सल्फाइडसाठी जमिनीपासून हात-दीड हातावर. पण बायोगॅस म्हणजे निव्वळ मिथेन नव्हे. ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असेल तर तो हवेपेक्षा जरासाच हलका भरतो. निम्मे-निम्मे झाले की उलट थोडा जड. म्हणून डायजेस्टरजवळ वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी मीटर असावेत, आणि जिथून गळती होण्याचा संभव आहे त्या व्हॉल्व्ह, झाकण, पंपाच्या ग्लँडजवळ असावेत. सेन्सरचे तोंड खाली करावे म्हणजे पावसाचे पाणी व धूळ बसत नाही. वाफेच्या झोतासमोर नको, धुण्याच्या होजपाइपच्या टप्प्यात नको.

बिनतारीची अडचण निराळी. रेडिओच्या लहरींना लोखंड आवडत नाही. पोलादी टाकीच्या मागे किंवा सळईच्या काँक्रीट भिंतीआड मीटर ठेवला तर संदेश अडतो. म्हणून काही यंत्रणांत एक डबा दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला संदेश पोचवितो, पूर्वी शेतात हाकेवर हाक देत तसे. यार्ड रिकामे असताना चाचणी घेऊन समाधान मानू नये. हंगामात उसाच्या भरल्या गाड्या मध्ये उभ्या राहिल्या की लहरी अडू शकतात, तेव्हा चाचणी हंगामातही घ्यावी. मुख्य गोष्ट अशी की मीटर बॅटरीवर असल्याने वीज गेली तरी चालू राहतो. पण कंट्रोल रूममधला संदेश घेणारा डबा विजेवर असतो. त्याला स्वतःची बॅटरी नसेल तर मीटर ओरडतील आणि ऐकणारे कुणी नसेल. शिवाय कंट्रोल रूममध्ये घंटा वाजून खड्ड्यापाशी उभ्या माणसाला काय उपयोग? त्याच्याजवळही भोंगा आणि दिवा पाहिजे.

आम्हा शेती खात्याच्या लोकांना हँड रिफ्रॅक्टोमीटरचा सराव आहे. रसाचा ब्रिक्स पाहण्याआधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य बघतो, आणि नुसत्या बुडख्याचा नाही तर शेंड्याकडचाही रस बघतो. या दोन सवयी इथे जशाच्या तशा लागू आहेत. खिशातला मीटर खड्ड्यापासून दूर, मोकळ्या हवेत सुरू करावा. तिथे प्राणवायू २०.९ आणि बाकीचे शून्य दिसले पाहिजे. खड्ड्याच्या काठावर चालू करून शून्य केला तर वाईट हवाच चांगली असे आपण त्याला शिकवितो. पण शून्य दिसले म्हणजे सेन्सर जिवंत आहे असेही नाही, कारण मेलेला सेन्सरही शून्यच दाखवितो! म्हणून वापरण्याआधी माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू छोट्या सिलिंडरमधून मीटरवर सोडून तो ओरडतो का हे पाहतात. याला बंप टेस्ट म्हणतात. रासायनिक सेलचे आयुष्य साधारण दोन-तीन वर्षे. पुढे डबा नवा दिसला तरी आतला सेल थकलेला असतो. तसेच बिनतारी मीटरचा संदेश ठरल्या वेळेत आला नाही तर 'काही नाही, रेंज गेली असेल' म्हणून सोडू नये. संदेश बंद हाच धोक्याचा संदेश समजून, वायूपासून दूर राहून तपास करावा.

इशाऱ्याचे आकडे साधारणतः असे ठेवतात : हायड्रोजन सल्फाइड १० आणि १५ पीपीएम; जळणारा वायू पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या १० आणि २० टक्के, म्हणजे मिथेनसाठी हवेत अर्धा आणि १ टक्का. पहिला इशारा वाजला की काम थांबवून बाहेर, तपास नंतर. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली, तिच्या परिशिष्टातही हायड्रोजन सल्फाइडसाठी ८ तासांना १० आणि थोड्या वेळाला १५ पीपीएम हेच आकडे दिले होते. टाकीत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने तपासून लेखी दाखला द्यावा, पट्ट्याला दोर आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, ही शिस्त १९४८ च्या अधिनियमाच्या ३६व्या कलमाने घातली. ठेकेदार "लगेच होतंय, दाखला कशाला" म्हणाला तर मुलांनी सरळ नाही म्हणावे.

बॅटरीविषयी थोडेसे. खांबावरच्या मीटरमध्ये लिथियमचे सेल असतात, ते पुन्हा चार्ज होत नाहीत. कंपनीने सांगितलेलाच सेल घालावा. बाजारातला स्वस्त सेल घातला की ठिणगी होऊ नये म्हणून केलेली सगळी रचना आणि तिचे प्रमाणपत्र वाया जाते. मीटर जितक्या कमी वेळाने मोजतो व कळवितो तितकी बॅटरी लवकर संपते. पण बॅटरी वाचविण्यासाठी मोजण्यातले अंतर वाढविणे ही काटकसर नव्हे.

आता आपल्या विहिरीचे. गट ऑफिसात दोन खिशातले मीटर ठेवले आहेत, कार्बन डायऑक्साइडसह. दोरीला बांधून तो वर, मध्ये आणि तळाला असा सोडावा आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटे थांबावे. सेन्सरला वेळ लागतो. डहाळ्यांचा भारा वर-खाली करून हवा हलते, पण तेवढ्यावर भागत नाही. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा द्यावी आणि पुन्हा मोजावे. गोबर गॅसच्या खड्ड्यावर ब्लोअर व त्याची मोटार काठापासून दूर ठेवावी. उतरणाऱ्याच्या अंगावर मीटर चालू राहिलाच पाहिजे, कारण गाळ किंवा स्लरी ढवळली की खाली दबलेला वायू एकदम सुटतो. सकाळी चांगली असलेली हवा दुपारी राहत नाही. छातीभोवती दोर आणि वर निदान दोन-तीन गडी हवेत. खालचा माणूस बोलेनासा झाला तर दोराने वर ओढावा, ११२ ला फोन करावा. श्वासाचे उपकरण घातल्याशिवाय मागोमाग कुणीही उतरू नये, सख्खा भाऊ असला तरी.

मीटर नेण्यासाठी आदल्या दिवशी गट ऑफिसात सांगावे, म्हणजे चार्ज करून आणि बंप टेस्ट घेऊन ठेवता येतो. परत आणताना चिखल ओल्या फडक्याने पुसावा, नळाखाली धुवू नये, आणि भोंगा वाजला असल्यास वहीत तारीख, विहिरीचा गट नंबर व आकडा लिहून द्यावा.