आच्छादन : तणाला आळा, ओलाव्याची राखण

भाजीपाल्याच्या शेतात पाणी व खत यांतील पहिला वाटा पुष्कळदा तणच उचलते. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे या दृष्टीने निर्णायक असतात. या काळातील खुरपणीचा भार मुख्यत्वे स्त्रियांवर पडतो. दुसरीकडे, अनेक गावांत उसाचे पाचट व गव्हाचे काड शेतातच जाळले जाते. वस्तुतः खुरपणीचे कष्ट वाचविणारे साधन ते हेच होय.

रोपे रुजल्यावर एक खुरपणी करावी आणि ओलसर जमिनीवर पाचटाचा ७ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर पसरावा. प्रकाश न मिळाल्याने बहुतेक तणांची वाढ खुंटते. जमिनीतील ओलावा टिकतो, पावसाच्या माऱ्याने माती उडत नाही आणि कालांतराने हाच थर कुजून सेंद्रिय खत बनतो.

मात्र काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. बी धरलेले गवत वापरू नये. वाळलेले काड मातीत मिसळू नये. कुजताना ते पिकाचे नत्र काही काळ अडकवून ठेवते. हराळी व लव्हाळा आच्छादन भेदून वर येतात. ते मुळा-गाठींसह खणून काढावेत. प्लॅस्टिकचे आच्छादन वापरल्यास हंगामाअखेर ते शेतातून गोळा करावे.

शाळेच्या परसबागेत एक आच्छादित व एक उघडा असे दोन वाफे शेजारी ठेवल्यास हा फरक गावाला प्रत्यक्ष दिसेल. पाचट न जाळण्याचा ग्रामसभेचा ठराव त्यानंतर कागदावरच राहणार नाही.