काळ्या जमिनीतील भेगा आणि लोहमार्ग

मराठवाड्याची काळी जमीन कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला वरदान ठरली असली, तरी लोहमार्ग बांधणाऱ्या अभियंत्याची ती कसोटी पाहते. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरमार्गे हैदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, याच मुलुखातून काढण्यात आला. पुढे त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. आता अंकाई ते छत्रपती संभाजीनगर या टप्प्याच्या दुहेरीकरणाचे काम हाती घेण्यात आले असल्याने, जमिनीला पडणाऱ्या भेगांचा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

भेगा का पडतात?

बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी आटले की आकसते. म्हणूनच वैशाखात शेतात खोल भेगा पडतात व पावसाळ्यात त्या मिटतात.

शेतात स्वाभाविक असलेली ही घडामोड भरावात मात्र घातक ठरते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांवाटे भरावाच्या गाभ्यात उतरते व माती मऊ पडते. गाड्यांच्या भाराने खडी मातीत रुतते, चिखल खडीत वर चढतो आणि रुळांची पातळी बिघडते. क्वचित भरावाची बाजूही घसरते. वरून नवी खडी टाकल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही.

उपाय कोणते?

शक्य तेथे काळी माती काढून मुरूम भरणे, हा सर्वांत सरळ उपाय होय. ते परवडत नसेल, तर मातीत चुना मिसळून तिची फुगण्याची प्रवृत्ती कमी करता येते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. खडीखाली निवडक मुरमाड थर, उतारांवर गवत आणि दोन्ही बाजूंना वाहती गटारे यांचीही जोड हवी.

भूकंपाची भेग

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरातही जमिनीला भेगा पडल्या. उन्हाळी भेग मातीपुरती असते. भूकंपाच्या भेगेचे मूळ मात्र खालच्या खडकातील हालचालीत असू शकते. पाणी मुरून सैल झालेला भराव अशा हादऱ्यात आधी खचतो.

थंड पठारावर हेच संकट निराळ्या रूपाने येते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि जमीन उचलली जाते. बर्फ वितळला की ती खचते. तिबेटमधील गोलमुड–ल्हासा मार्ग २००६ मध्ये सुरू झाला. त्याचे बांधकाम चालू असतानाच, १४ नोव्हेंबर २००१ रोजी, कुनलुन पर्वतरांगेत भूकंप होऊन शेकडो किलोमीटर जमीन दुभंगली. या मार्गावर गोठलेली जमीन वितळू नये म्हणून भरावात सुट्या दगडांचे थर देऊन थंड हवा खेळती ठेवण्यात आली; अनेक ठिकाणी भरावाऐवजी पूल बांधण्यात आले.

तेथे बर्फ, येथे पाऊस. परंतु भरावातील पाण्यावर ताबा ठेवणे हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे. नवा मार्ग टाकताना जुन्या भरावालगतच्या मातीची तपासणी आणि पावसाळ्यापूर्वी गटारांची सफाई यांवर होणारा खर्च प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठीच असतो.