न दिसणाऱ्या छिद्राचा शोध

सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणारा पंक्चरवाला कोणी पाहिला नाही? अंतराळात माणसे नेणाऱ्या यानाची तपासणीही मुळात त्याच जातीची. फक्त तिथले छिद्र डोळ्यांना दिसेल असा बुडबुडाही सोडत नाही.

१९६८ ते १९७५ या काळात माणसांना घेऊन उडालेल्या अपोलो यानाची खोली पाहा. आत वेल्डिंगने जोडलेले अॅल्युमिनियमचे आवरण, बाहेर दुसरा पत्रा आणि मधल्या जागेत अॅल्युमिनियमच्याच वर्खाचे, मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी कप्पे. हा थर तळाशी सुमारे ३.८ सेंटिमीटर, तर माथ्याच्या बोगद्यापाशी जेमतेम ६ मिलिमीटर जाड. अवकाशात प्रत्येक चौरस मीटरवर आतल्या हवेचा सुमारे साडेतीन टनांचा रेटा. त्या भिंतीआड तीन माणसांचा श्वास होता.

माझा अंतराळयानांशी संबंध आला नाही. पण एका कारखान्याच्या तपासणी विभागात पातळ अॅल्युमिनियमच्या जोडांशी माझी अनेक वर्षे गाठ पडली. हा धातू मोठा फसवा. लोखंड वितळण्यापूर्वी लाल होऊन इशारा देते. अॅल्युमिनियम रंग न बदलता एकदम ढासळते. धातू वितळतो ६६० अंशांना, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्याही पुढे. म्हणून पत्रा आधी घासूनपुसून घ्यायचा आणि आरगॉन वायूच्या आडोशाने टिग वेल्डिंग करायचे. पत्र्यावर ओल किंवा तेल राहिले, तर त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि बारीक छिद्रे ठेवून जातो. मधले वर्खाचे पोळे मात्र त्या आचेत टिकायचे नाही. ते खास गोंदाने चिकटवतात.

मग हेलियमची पाळी. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू जेमतेम पाच भाग, त्यामुळे जोडाच्या पलीकडे तो सापडला की गळती आहेच म्हणायची. त्याला हुंगून काढणारे यंत्र दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पासाठी, आल्फ्रेड निअर यांनी विकसित केले. पोळ्याच्या भिंतीत मात्र तेही चकते. गच्चीला भेग एकीकडे असावी आणि पाणी भलत्याच खोलीत झिरपावे, तसा वायू कप्प्याकप्प्यांतून वाट काढून दुसरीकडेच बाहेर येतो.

आमच्याकडे एक बुजुर्ग वेल्डर होते. त्यांचा जोड माळेत मणी ओवावेत तसा. तरी काम संपले की स्वतःच म्हणायचे, ‘‘साहेब, शेवटचं टोक परत एकदा बघा.’’ आर्क थांबते तिथे धातू आकसून केसाएवढी भेग पडू शकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. एकदा यंत्राचा काटा हललाच. माल त्याच संध्याकाळी जायचा होता, सगळे गप्प. त्यांनी एक शब्द न बोलता जोड कोरून काढला आणि नव्याने भरला. माल दुसऱ्या दिवशी गेला.

तपासणी म्हणजे अविश्वास, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. आपल्या कामाची चाड असलेला माणूस तपासनिसाला स्वतःहून हाक मारतो, हे मी त्या वेल्डरकडे पाहून शिकलो.