पटावरची नाणी आणि भिवंडीचे मोहल्ले

यंत्रमागांच्या भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या गर्दीत सगळे गाव एकमेकांना खेटून चालते. घरी परतताना मात्र ज्याची त्याची वाट आपापल्या मोहल्ल्याकडे वळते. 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लीम दंगलींनी ही विभागणी आणखी गडद केली. अशा वेगळ्या वस्त्या घडवतो कोण? द्वेष, हे उत्तर सोपे होते. ते अपुरे असल्याचा शोध लागला दूर अमेरिकेत, एका मुलाच्या नाण्यांवर.

काळे आणि गोरे वेगळे का राहतात, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांना छळत होता. समाजशास्त्राची नियतकालिके धुंडाळूनही उपयोगाचे काही सापडेना. एका विमानप्रवासात वाचायला काही नव्हते, म्हणून त्यांनी कागदावर फुल्या-गोळे मांडले. पण प्रत्येक हालचालीला खोडाखोड. कागदाने हार खाल्ली. घरी येताच त्यांनी मुलाच्या संग्रहातली तांब्याची आणि जस्ताची नाणी घेतली आणि बापलेक पटावर बसले. निदान एक तृतीयांश शेजारी आपल्यासारखे असले की नाणे समाधानी. नाहीतर उचलून जवळच्या रिकाम्या घरात. एक उठले की मागच्यांचे गणित बिघडे, मग तीही उठत. चाली थांबल्या तेव्हा पट दुभंगलेला होता! एकाही नाण्याला दुसऱ्या धातूचा तिटकारा नव्हता, मिश्र वस्ती सर्वांना चालत होती. तरीही समोर सरळ दोन मोहल्ले उभे होते.

संशोधक जेम्स साकोडा या वाटेने आधीच निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, तेव्हा तिथे स्वतः बंदी असतानाही ते माणसांचे संबंध टिपत राहिले. त्यातूनच घडलेले त्यांचे पटाचे प्रारूप आणि शेलिंग यांचे प्रारूप 1971 साली एकाच नियतकालिकात छापले गेले. कीर्ती शेलिंग यांना मिळाली. साकोडांचे नावही तितक्याच आदराने घ्यायला हवे. दोघांमुळे समाजाविषयीचा सिद्धान्त नुसता मांडण्याऐवजी चालवून पाहता येऊ लागला.

शेलिंग यांच्या नाण्यांना जागा सोडता येत होती, एकमेकांशी बोलता येत नव्हते. भिवंडीत नेमके हे बोलणेच घडवले गेले. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी दंगलीची कारणे खोदून काढली. वस्त्या हलवणे कोणाच्याच हाती नव्हते. त्यांनी दोन्ही धर्मांचे शेजारी आणि पोलीस नियमित एकत्र बसतील अशा सुमारे 70 मोहल्ला समित्या चिकाटीने उभ्या केल्या. डिसेंबर 1992 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. पुढे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या ग्रंथात नागरी संबंध आणि दंगलींचा सिद्धान्त मांडला, त्यात भिवंडीच्या या समित्यांचा दाखला आहे.